पडवीतले ध्वनिमुद्रण आणि संगणकाची निवड

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संगीत मुळातच बंद खोलीतले नाही. दोन भजनी बुवांच्या चढाओढीचा, म्हणजे डबलबारीचा, सामना मांडवात रंगतो, दशावताराचे आख्यान जत्रेच्या रात्री देवळासमोर उभे राहते, आणि गणपतीतल्या भजनाला ओटी, पडवी नि अंगण मिळून जेवढी जागा होईल तेवढी कमीच पडते. त्यामुळे ‘घरच्या घरी ध्वनिमुद्रण’ ही कल्पना मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये ज्या रूपात रुजली, त्या रूपात ती मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याच्या वाड्यांना लागू पडत नाही. तिकडे एखादा तरुण कानाला हेडफोन लावून एकटाच वाद्यमेळ रचत बसतो, तर इकडे पेटी, पखवाज, झांज आणि मागे बसलेले कोरसवाले एकदमच वाजत-गात असतात आणि गजर ऐन रंगात आलेला असताना घरातून चहाचे ताट बाहेर येते. तरीही भजनी मंडळे, मालवणी गीते रचणारे हौशी कवी-गायक आणि दशावतारातील कलावंत आता आपले ध्वनिमुद्रण आपणच करू लागले आहेत, आणि मायक्रोफोन घेण्याच्याही आधी त्यांच्यापुढे प्रश्न येतो तो संगणकाचा: विंडोजचा घ्यावा, ॲपलचा मॅक घ्यावा, फुकट मिळणारे लिनक्स घालून जुनाच संगणक चालवावा, की हातातला फोनच पुरे?

हा प्रश्न बहुधा ‘कशावर आवाज चांगला येतो’ अशा शब्दांत विचारला जातो, आणि तिथेच तो चुकतो. गळ्यातून किंवा वाद्यातून निघालेली हवेतील कंपने मायक्रोफोनमध्ये विजेच्या कमी-अधिक दाबात बदलतात. ‘साउंडकार्ड’ नावाची छोटी पेटी तो दाब मोजते आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा करते. अशा मोजण्या सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा होतात आणि प्रत्येक आकडा सहसा २४ बिटांचा, म्हणजे चोवीस शून्य-एकांनी लिहिलेला असतो. संगणकाचा संबंध येतो तो यानंतर. त्याच्या हाती आवाज येतच नाही, आकड्यांची रांग येते, आणि ती जशीच्या तशी तबकडीवर उतरवून ठेवणे एवढेच त्याचे काम असते. तोच बुवा, तोच मायक्रोफोन, तेच साउंडकार्ड असेल तर विंडोजवर उतरलेला अभंग आणि मॅकवर उतरलेला अभंग यांत कानाला कळेल असा फरक राहण्याचे कारणच उरत नाही. हे काम जडही नाही. आठ मायक्रोफोन एकाच वेळी मुद्रित करताना सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी एवढी माहिती लिहावी लागते, आणि दहा वर्षे वापरलेला संगणकही ती सहज लिहितो. ताकदवान संगणकाची गरज भासते ती पुढे, जेव्हा सतार, बासरी, व्हायोलिन यांचे साठवलेले नमुने कीबोर्डवरून वाजवायचे असतात किंवा डझनभर ट्रॅकांवर घुमारा आणि इतर प्रक्रिया चढवायच्या असतात.

फरक मग कुठे पडतो, तर संगणक ही आकड्यांची रांग किती तत्परतेने घेतो आणि परत देतो, तो कोणत्या विजेवर चालतो, बिघडला तर कोण दुरुस्त करतो आणि आज केलेले काम पुढे कोणाच्या मेहेरबानीवर उघडते, यांत. या साऱ्या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत, गावात सापडतात.

पहिल्या मुद्द्यासाठी कार्यप्रणाली म्हणजे काय हे पाहावे लागते. संगणकाचे सुटे भाग आणि वापरणाऱ्याचे कार्यक्रम यांच्यामध्ये बसून कोणाला कधी वेळ द्यायचा हे ठरवणारा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज, मॅक ओएस आणि लिनक्स हे तीन कारभारी ध्वनीची व्यवस्था तीन प्रकारांनी लावतात. विंडोजचा मूळ ध्वनिमार्ग घरगुती वापरासाठी आखलेला होता, त्यात सगळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र मिसळून पुढे जात आणि त्या मिसळणीत वेळ जाई. म्हणून हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअरच्या कंपनीने १९९७ मध्ये ‘एसिओ’ नावाचा आडमार्ग काढला, ज्यावरून ध्वनी कारभाऱ्याच्या दारात न थांबता थेट साउंडकार्डापर्यंत जातो. विंडोजवरचे गंभीर ध्वनिमुद्रण आजही मुख्यतः याच मार्गाने होते, मात्र त्यासाठी साउंडकार्ड बनवणाऱ्याने आपल्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र कसे हाताळायचे हे कारभाऱ्याला सांगणारा छोटा कार्यक्रम, लिहून द्यावा लागतो. ॲपलने २००१ पासूनच्या आपल्या नव्या कार्यप्रणालीत ‘कोअर ऑडिओ’ ही व्यवस्था मुळातच विणली, त्यामुळे मॅकला यूएसबीचे सर्वसाधारण नियम पाळणारे साउंडकार्ड जोडले की ते बहुधा काही न घालता चालू होते. लिनक्समध्ये ‘अल्सा’ हा तळाचा थर साउंडकार्डाशी बोलतो, त्याच्यावर पॉल डेव्हिस यांनी रचलेला ‘जॅक’ आणि अलीकडचा ‘पाइपवायर’ हे थर बसतात, आणि नियम पाळणारी कार्डे तिथेही ड्रायव्हरवाचून चालतात.

तत्परतेचा हिशेब मांडवातल्या मापांनी समजून घेता येतो. संगणक येणारे आकडे एकेक करून घेत नाही, ओंजळभर साठले की उचलतो. या ओंजळीला ‘बफर’ म्हणतात. ओंजळ १२८ आकड्यांची असेल आणि सेकंदाला ४४,१०० मोजण्या होत असतील, तर ती भरायला सुमारे २.९ हजारांश सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण एक मीटर जातो, म्हणजे पेटीवाल्यापासून शेजारच्या पखवाजवाल्याच्या कानापर्यंत. ओंजळ १,०२४ आकड्यांची केली की तोच उशीर २३ हजारांश सेकंदांवर जातो, म्हणजे पखवाजवाला आठ मीटर दूर, अंगणाच्या कडेला तुळशीपाशी जाऊन बसल्यासारखा होतो. शिवाय हा उशीर आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा लागतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज असा मागाहून ऐकू येऊ लागला की बुवा नकळत लय ओढतो, पखवाजवाला त्याला सावरायला जातो, आणि दोष एकमेकांवर ढकलला जातो. प्रत्यक्षात दोष पडद्यावरच्या एका आकड्याचा असतो. ओंजळ लहान करावी तर संगणकाला धाप लागते आणि ध्वनीत चटचट असे आवाज येतात, कारण आधीची ओंजळ रिकामी होण्याआत पुढची भरून आलेली नसते. विंडोजच्या संगणकात हा त्रास पुष्कळदा वायफायच्या किंवा ग्राफिक्सच्या निकृष्ट ड्रायव्हरमुळे होतो, आणि मुद्रणापुरते वायफाय बंद केले की चटचट थांबते असा अनुभव येतो. मॅकमध्ये यंत्र आणि कार्यप्रणाली एकाच घरची असल्याने असे प्रसंग कमी येतात, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. लिनक्सच्या गाभ्यात वेळेचे बंधन कडक पाळणारी व्यवस्था वर्षानुवर्षे बाहेरून ठिगळासारखी लावावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या ६.१२ या आवृत्तीत ती मूळ गाभ्यातच आली.

इतके सांगूनही, भजन मुद्रित करणाऱ्याने या उशिराची धास्ती घेऊ नये. बहुतेक साउंडकार्डांवर असे एक बटण असते की ते दाबल्यास मायक्रोफोनचा आवाज संगणकाला वळसा न घालता कार्डातूनच थेट हेडफोनकडे जातो, आणि मग ओंजळ कितीही मोठी असली तरी गाणाऱ्याला काही जाणवत नाही. पडवीत मंडळी समोरासमोर बसून वाजवत असतील तर हेडफोनचीही गरज नसते. उशीर आड येतो तो कीबोर्डवरून संगणकातले वाद्य वाजवणाऱ्याला, कारण त्याचा स्वर संगणकाच्या आतच जन्मतो आणि त्याला वळसा घालायला वाटच नसते. लग्नसमारंभात गाणाऱ्या मेळ्यासाठी वाद्यमेळ रचणाऱ्याने मॅककडे ओढ घेतली तर ती समजण्यासारखी आहे. पेटी-पखवाजाच्या मंडळाने केवळ या कारणासाठी दुप्पट पैसे मोजणे समजण्यासारखे नाही.

मंडळांच्या बाबतीत मॅकची सोय वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडते. अनेक मंडळांकडे दोन मायक्रोफोन लागणारे एक साउंडकार्ड असते आणि तसेच दुसरे कोणा सदस्याकडे असते. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना, म्हणजे शाईच्या आणि कणीक लावलेल्या धुमेच्या बाजूला, वेगवेगळा मायक्रोफोन द्यायचा, तिसरा पेटीला आणि चौथा बुवांना, असा बेत आखला की दोन्ही कार्डे एकत्र वापरणे भाग पडते. मॅक ओएसमध्ये दोन कार्डे जोडून त्यांचे एकच कार्ड झाल्यासारखे भासवता येते. विंडोजच्या एसिओ मार्गावर एका वेळी एकाच ड्रायव्हरला वाट मिळते, आणि लिनक्सवर हे जमते पण खटपट करून. अर्थात झांजेचा आवाज चारही मायक्रोफोनांत सारख्याच उत्साहाने शिरतो, त्यामुळे स्वतंत्र ट्रॅक हे कागदावर जितके स्वतंत्र असतात तितके पडवीत नसतात, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आता विजेचा प्रश्न, जो शहरी मार्गदर्शकांत दोन ओळींत उरकला जातो आणि किनाऱ्यावर बाकी सगळ्या प्रश्नांना पुरून उरतो. भारतातील घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करते, आणि जमिनीत पुरलेली जोडणी, म्हणजे अर्थिंग, धड नसेल तर हीच लय मुद्रणात एक संथ घरघर होऊन उतरते, सोबत तिच्या दुपटीचा, १०० हर्ट्‌झचा स्वरही आणते. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओलावा उरत नाही आणि अर्थिंग दुबळी पडते. आता हा १०० हर्ट्‌झचा स्वर सप्तकात कुठे बसतो हे पाहण्यासारखे आहे: तो पेटीवरच्या मंद्रातील पांढरी पाचच्या किंचित वर आहे. बुवांनी काळी एक पट्टी धरली असेल तर पांढरी पाच हा त्यांचा तीव्र मध्यम होतो, म्हणजे शुद्ध मध्यमाच्या अभंगाखाली कोणी तरी न थांबता, तेही थोडा चढा, तीव्र मध्यम धरून बसल्यासारखे होते. ही घरघर नंतर गाळून काढता येते, पण तिच्या शेजारीच पखवाजाच्या धुमेचा सारा गाभा असतो, आणि घरघरीबरोबर पखवाजाचा दमही निघून जातो.

यावरचा उपाय कोणत्याही कार्यप्रणालीत नाही, लॅपटॉपच्या बॅटरीत आहे. चार्जर काढून टाकला आणि साउंडकार्ड यूएसबीच्याच विजेवर चालवले की मुद्रणाची सारी साखळी घराच्या वायरिंगपासून तुटते आणि घरघर बहुधा जागच्या जागी थांबते. यामुळे सिंधुदुर्गात पहिला निर्णय विंडोज की मॅक हा नसून टेबलावरचा संगणक की लॅपटॉप हा आहे, आणि त्याचे उत्तर लॅपटॉप असेच द्यावे लागते, मग त्याच किमतीत टेबलावरचा संगणक कितीही दणकट मिळो. पावसाळ्यात लाईट जाणे हा येथील वेळापत्रकाचा भाग आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा तर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. घरचा इन्व्हर्टर ही अडचण सोडवतो असे वाटते, पण स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोलसर लाटेऐवजी चौकोनी पायऱ्यांची असते आणि तिची कुरकुर साध्या घरघरीपेक्षा कानाला अधिक बोचते. बॅटरीवर किती तास काढता येतात हे येथे ध्वनिगुणाइतकेच महत्त्वाचे माप ठरते, आणि या मापात २०२० च्या नोव्हेंबरपासून ॲपलने स्वतःच्या चिपवर बनवलेले लॅपटॉप स्पष्टपणे पुढे आहेत. त्या मालिकेतील मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, हीदेखील लहान गोष्ट नव्हे: मे महिन्यात, छताचा पंखा बंद करून घामाघूम झालेल्या मंडळींच्या शांततेत, विंडोजच्या लॅपटॉपचा पंखा सुरू झालेला मायक्रोफोनला पहिला ऐकू येतो. रातकिडे, बेडूक आणि पत्र्यावरचा पाऊस यांच्यावर मात्र अजून कोणत्याही कंपनीचा इलाज निघालेला नाही.

पारडे मॅककडे झुकले असे वाटत असतानाच दुरुस्तीचा विचार ते उलट फिरवतो. कुडाळ, कणकवली किंवा सावंतवाडीच्या बाजारात विंडोजचा लॅपटॉप उघडून त्याची मेमरी वाढवणे, चकतीऐवजी एसएसडी बसवणे, कीबोर्ड बदलणे ही कामे नित्याची आहेत. आजच्या मॅकमध्ये मेमरी चिपलाच जोडलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच ती शेवटपर्यंत राहते, आणि मोठा बिघाड झाला तर भाग न बदलता अख्खा बोर्ड बदलावा लागतो. खाऱ्या हवेत सांधे आणि जोडण्या गंजतात हे मालवणात सायकलवाल्यालाही ठाऊक आहे, मग यूएसबीच्या तोंडांनी अपवाद का व्हावे? जे यंत्र गावाजवळ उघडता येत नाही ते समुद्रकाठी घेताना, त्याच्या किमतीत एखाद्या मोठ्या शहराच्या दोन-तीन फेऱ्या धरूनच चालावे.

विंडोजचीही एक अडचण अलीकडे उभी राहिली आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे घराघरांतले धडधाकट संगणक कागदोपत्री म्हातारे झाले. अशा संगणकाला लिनक्स हा खरोखरच चांगला आसरा आहे. उबुंटू स्टुडिओ या नावाने मिळणाऱ्या लिनक्समध्ये ध्वनिमुद्रणाची साधने आधीच घातलेली असतात; पॉल डेव्हिस यांचाच ‘आर्डर’ हा कार्यक्रम बहुपदरी मुद्रणासाठी, म्हणजे प्रत्येक मायक्रोफोनला वेगळा पदर देऊन नंतर ते पदर हवे तसे मिसळण्यासाठी, पुरेसा समर्थ आहे. लिनक्सच्या भक्तांनी मात्र एक कबुली द्यायला हवी: बाजारातले बहुतेक नामांकित प्लगइन, म्हणजे मुख्य कार्यक्रमाला जोडायचे वाद्यांचे आणि प्रक्रियांचे पूरक कार्यक्रम, लिनक्ससाठी निघतच नाहीत, आणि सामन्याच्या आदल्या रात्री साउंडकार्ड दिसेनासे झाले तर फोन करून विचारावे असा माणूस तालुक्यात असेलच असे नाही. गावात लिनक्स जाणणारा एक जरी उत्साही असेल, शाळेतला शिक्षक असो वा सुटीत आलेला अभियंता, तर हा मार्ग सर्वांत स्वस्त. नसेल तर तो सर्वांत महाग पडू शकतो.

कार्यक्रमांच्या निवडीवर येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. मॅकवर ‘गॅरेजबँड’ फुकट येतो आणि सुरुवातीला तो पुरतो. जस्टिन फ्रँकेल यांचा ‘रीपर’ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, साठ दिवस वापरून पाहता येतो आणि हौशी माणसासाठी त्याचा परवाना साठ डॉलरचा आहे; तिन्ही घरांत नांदणारा कार्यक्रम धरला की पुढे संगणक बदलला तरी शिकलेले वाया जात नाही. एक सूचना तेवढी करता येईल. हे सारे कार्यक्रम उघडताच चार-चार मात्रांची समान लयीची चौकट आखून बसतात, आणि विलंबितात सुरू होऊन टप्प्याटप्प्याने चढत जाणारा गजर त्या चौकटीत कोंबायचा प्रयत्न केला की पखवाजवाला यंत्राचा नोकर होतो. चौकट बंद करून मोकळे मुद्रण करावे. मात्रा मोजायला झांज आहेच.

कंपनीवर किती विसंबावे या प्रश्नाला इतिहासाने दिलेली उत्तरे बोलकी आहेत. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला ‘मिडी’ची, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना स्वर आणि वेळ कळवण्याच्या १९८३ मधील संकेतप्रणालीची, तोंडे अंगचीच होती, आणि युरोपातील एका पिढीने त्याच्यावर संगीत रचले, आज तो संग्रहालयात पाहायला मिळतो. ‘लॉजिक’ हा कार्यक्रम पूर्वी विंडोजवरही चालत असे, पण जुलै २००२ मध्ये ॲपलने तो बनवणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. विंडोजवर वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेला ‘केकवॉक’ त्याच्या मालक कंपनीने, गिब्सनने, नोव्हेंबर २०१७ मध्ये गुंडाळला, आणि पुढच्या फेब्रुवारीत बँडलॅबने तो उचलला नि नंतर फुकट वाटायला सुरुवात केली. ॲपलने स्वतः १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा आपल्या संगणकांची चिप बदलली, आणि दर वेळी काही जुने प्लगइन मागे पडले. यात कोणाची लबाडी शोधायचे कारण नाही. व्यापार असाच चालतो. पण ज्याचे आजोबा दशावतारात संकासुर करत आणि ज्याला तो संकासुर नातवंडांना ऐकवायचा आहे, त्याच्या काळाचे माप व्यापाराच्या मापापेक्षा लांब असते.

महाराष्ट्रातच याचे एक ठळक उदाहरण आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते ‘डॅट’ या अंकीय फितीवर झाले होते, जी त्या काळची उत्तम पद्धत होती. ती काढणाऱ्या सोनी कंपनीने २००५ मध्ये तिची यंत्रे बनवणे थांबवले. ओव्या वाचल्या, कारण कोणी तरी त्या फितींवरून वेळेत संगणकात उतरवून घेतल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांपर्यंत पोहोचू लागल्या. याच बेल यांनी जेम्स किपेन या अभ्यासकासोबत तबल्याच्या बोलांची रचना मांडणारा ‘बोल प्रोसेसर’ हा कार्यक्रम १९८० च्या दशकात ॲपलच्या एका छोट्या संगणकावर सुरू केला. तो पुढे मॅकिंटॉशवर गेला, आणि आता त्याची नवी आवृत्ती मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. यंत्रे बदलत गेली तरी काम टिकले, कारण ते करणाऱ्याने त्याची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवली होती.

टिकाऊपणाचा हा विचार दशावताराला सर्वांत अधिक लागू पडतो, कारण त्यातील संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते, पण राजा आणि राक्षस यांची बोलाचाली रंगमंचावरच सुचते, पायपेटीवाला आणि मृदंगवाला तिला तिथल्या तिथे साथ देतात, आणि पहाटे पडदा पडला की ते नाटक त्या रूपात पुन्हा होत नाही. ध्वनिमुद्रण हीच त्याची एकमेव संहिता. अशा रात्री एक जुना सापळा हमखास लागतो. ध्वनी साठवण्याचा सर्वमान्य प्रकार ‘वेव्ह’ हा १९९१ चा आहे, आणि त्याच्या रचनेत फाइलच्या लांबीसाठी ठेवलेली जागा सुमारे चार जीबीवर संपते. दोन मायक्रोफोनांचे २४ बिटांचे, सेकंदाला ४८,००० मोजण्यांचे मुद्रण एकाच फाइलीत चालू ठेवले तर ही मर्यादा चार तास आठ मिनिटांनी येते, म्हणजे रात्री अकराला बटण दाबले तर पहाटे तीनच्या सुमारास, आख्यान ऐन भरात असताना. शहाणे कार्यक्रम अशा वेळी आपोआप दुसरी फाइल उघडतात किंवा वेव्हचा वाढवलेला प्रकार वापरतात. सगळेच शहाणे नसतात, म्हणून आधी घरी रात्रभर कोऱ्या खोलीचे मुद्रण करून पाहणे उत्तम. पेन ड्राइव्ह जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेला असेल तर तोही एका फाइलीला चार जीबीच्या पुढे जागा देत नाही. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीची डिस्क मॅकला वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, मॅकच्या ‘एपीएफएस’ पद्धतीची डिस्क विंडोजला दिसतच नाही. तिन्ही कार्यप्रणालींना चालते ती ‘एक्सफॅट’.

फोनचा विचार शेवटी राहिला, तरी संख्येने पाहिले तर जिल्ह्यातील बहुतेक मुद्रण त्याच्यावरच होते आणि त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. फोनचा मूळ दोष असा की तो बोलण्यासाठी बनलेला आहे, आणि बोलणे सगळीकडे सारखे ऐकू यावे म्हणून तो मोठा आवाज स्वतःहून दाबतो आणि लहान आवाज उचलतो. पखवाजावर जोराची थाप पडली की बुवांचा स्वर क्षणभर खाली दबतो आणि पुन्हा वर येतो, जणू सारे भजनच धापा टाकत आहे. हे दाबणे-उचलणे बंद करता येईल असा मुद्रणाचा ॲप घेतला आणि बाहेरचे यूएसबी साउंडकार्ड जोडले, तर फोन हा खऱ्या अर्थाने छोटा संगणक होतो. आयफोन आणि आयपॅड यांत मॅकचीच कोअर ऑडिओ व्यवस्था असल्याने ते या कामात आधीपासून भरवशाचे आहेत. अँड्रॉइडमध्ये उशीर फार असे, तो कमी करणारी ‘ए-ऑडिओ’ ही व्यवस्था २०१७ च्या आठव्या आवृत्तीत आली, पण फोनाफोनांत फरक इतका की विशिष्ट फोनला विशिष्ट साउंडकार्ड जोडून पाहिल्यावाचून काही सांगता येत नाही.

एखाद्या भजनी मंडळाने आज सुरुवात करायची ठरवली तर घरात असलेला विंडोजचा लॅपटॉप, नियम पाळणारे चार मायक्रोफोनांचे साउंडकार्ड आणि रीपर एवढ्यावर काम भागते, आणि वाचलेले पैसे मायक्रोफोनांवर घातले तर ते आवाजात ऐकू येतात. वाद्यमेळ रचणाऱ्याने, शहराच्या फेऱ्या परवडत असतील तर, पंखा नसलेला मॅक घ्यावा. जत्रेतला दशावतार टिपणाऱ्याने दोन बॅटऱ्या आणि दोन डिस्का बाळगाव्यात आणि प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलीच्या रूपातही काढून ठेवावा, कारण कार्यक्रमाची स्वतःची फाइल उद्या उघडेलच असे नाही, वेव्ह मात्र उघडते. त्यांतली एक डिस्क मुंबईत राहणाऱ्या कोणा नातेवाइकाकडे पाठवावी. दुसरी, कंडेन्सर मायक्रोफोनसकट, मृग लागण्याआधी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि चतुर्थीच्या आधी, पेटीला ऊन दाखवायला काढतात त्याच दिवशी, बाहेर काढून एकदा लावून पाहावी.